कार्ट्रिज किलोवर विकू नका, नगावर मोजा

प्रति,
संपादक

विषय : पुनर्वापरासाठी दिलेल्या प्रिंटर कार्ट्रिजची वाटेत होणारी नासधूस

महोदय,

शाळा, गृहनिर्माण सोसायट्या, बँका, महापालिकांची क्षेत्रीय कार्यालये अलीकडे ई-कचरा गोळा करण्याच्या मोहिमा घेऊ लागली आहेत. त्यात जुने मोबाइल, चार्जर, की-बोर्ड यांच्याबरोबर प्रिंटरच्या वापरलेल्या कार्ट्रिजही येतात. त्या दुरुस्त करून पुन्हा भरणारे आम्ही; आमचा आक्षेप त्या आमच्यापर्यंत कशा येतात यावर आहे. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत तीस-चाळीस नग कोंबलेले, वर एखादा जुना मॉनिटर टेकवलेला आणि शिवणीतून काळी पावडर झिरपते आहे, हे नेहमीचे दृश्य. प्रिंटरमधून काढल्या तेव्हा ज्या कार्ट्रिज अगदी धड होत्या, त्या गोणीतून बाहेर येईपर्यंत निव्वळ प्लास्टिक उरतात. पत्र लांबले आहे. कात्री लावावीच लागली तर पॅकिंगचा भाग तेवढा वाचवावा.

आपल्याकडच्या कार्यालयांत सर्रास दिसणाऱ्या लेझर कार्ट्रिज म्हणजे एचपीच्या १२ए आणि ८८ए. १२ए ही लेझरजेट १०२० आणि एम१००५ मध्ये बसते. कॅननच्या एलबीपी २९०० ला लागणारी ३०३ रचनेने जवळपास तीच. १२ए साधारण २,००० पाने काढते, ८८ए साधारण १,५००. त्यानंतर संपलेला असतो तो फक्त टोनर, म्हणजे ती काळी पावडर, १२ए मध्ये सुमारे १०० ग्रॅम. बाकी सगळे जागच्या जागी असते. प्रकाशसंवेदी थर दिलेला ॲल्युमिनियमचा ड्रम, त्या ड्रमला विद्युतभार देणारा रबरी रोलर (धंद्यात त्याला पीसीआर म्हणतात), ड्रमवर उरलेली पावडर खरवडणारी वायपर ब्लेड, पावडर ड्रमपर्यंत नेणारा मॅग रोलर, त्यावरचा थर सारखा करणारी डॉक्टर ब्लेड, टोकांची दातेरी चाके आणि खरवडलेली पावडर साठवणारी वेगळी टाकी.

रिफिल करताना ही टाकी रिकामी करून टोनरच्या कप्प्यात नवी पावडर भरली जाते. दोन-तीन वेळा भरून झाली की ड्रम आणि वायपर ब्लेड बदलतात, कारण ते झिजणारेच भाग आहेत आणि सुटे मिळतात. सहज मिळत नाही ते कवच. दोन अर्ध्या भागांना जोडणारी पिन धरून ठेवणारी कडी, मॅग रोलरच्या टोकाची प्लास्टिकची बैठक, ड्रमवरच्या झडपेचा बारीक हात, यांपैकी एक जरी तुटला तरी दुसरी तशीच कार्ट्रिज मोडून त्यातून तो काढावा लागतो. आणि गोणीत आधी तुटतात ते नेमके हेच भाग, कारण कवचाच्या बाहेर डोकावणारे तेच असतात. पुनर्वापराच्या दृष्टीने कार्ट्रिजची किंमत ठरते ती तिच्या या कडा-कोपऱ्यांवर. आत किती पावडर उरली याला काही महत्त्व नाही.

ड्रमबद्दलही दोन गोष्टी सांगायला हव्यात, कारण उत्सुकतेने झडप उघडून पाहण्याची सवय मोठी आहे. झडपेखालचा हिरवा किंवा निळसर चकाकणारा दंडगोल म्हणजे ड्रम. त्यावरचा थर मिलिमीटरच्या दोन-तीन शतांश जाडीचा असतो. १२ए च्या ड्रमचा व्यास २४ मिलिमीटर, म्हणजे परीघ सुमारे ७५. ए-४ पानाची लांबी २९७ मिलिमीटर. एका पानासाठी ड्रम जवळपास चार फेऱ्या मारतो, म्हणून त्याला पडलेला एक टोचा पानावर तीन-चार वेळा, ७५ मिलिमीटरच्या अंतराने उमटतो. नखाचा ओरखडा पुरतो, बोटाचा तेलकट ठसाही पुरतो. शेजारच्या कार्ट्रिजचा कोपरा झडप उचलून आत शिरला तर विचारायलाच नको. सिमेंटची गोणी यात विशेष वाईट, कारण तिच्यात राहिलेली भुकटी ड्रमला पॉलिश पेपरसारखी घासते. उजेडाचेही तसेच. झडप उघडी ठेवून कार्ट्रिज ट्यूबलाइटखाली काही मिनिटे राहिली तर पानावर काळसर पट्टा येऊ लागतो. दिवसभर अंधारात ठेवली की तो बराचसा ओसरतो. थेट उन्हाने झालेले नुकसान मात्र भरून येत नाही.

नासाडीची सुरुवात खरे तर प्रिंटरमध्येच होते. पाने फिकट येऊ लागली की कार्ट्रिज काढून आडवी धरायची, पाच-सहा वेळा हलवायची आणि आणखी थोडी पाने काढायची, इथवर ठीक आहे. तेच पुन्हा पुन्हा करून, कोरी पाने येईपर्यंत तिला रेटणे चुकीचे. वायपर ब्लेड ही पातळ लवचिक पट्टी ड्रमला टेकूनच असते, आणि दोघांमध्ये वंगणाचे काम करते ती टोनरचीच पावडर. पावडर संपली की पट्टी कोरड्या ड्रमवर घासते, तिची कड दुमडते, ड्रमवर गोल रेघा पडतात. चाळीस-पन्नास पाने जास्त मिळाली म्हणून कुणाचे काही भले होत नाही.

आता पॅकिंग. सर्वांत सोपा नियम असा की नवी कार्ट्रिज ज्या वेष्टनातून निघाली त्याच वेष्टनात जुनी गेली पाहिजे. नवीच्या खोक्यात काळी किंवा चंदेरी पिशवी असते, दोन्ही टोकांना पुठ्ठ्याचे किंवा कागदी लगद्याचे साचे असतात, काही मॉडेलना ड्रमवर बसणारे नारिंगी प्लास्टिकचे कव्हर असते. हे सगळे त्या कार्ट्रिजच्या मापाचे केलेले आहे. त्याहून चांगले पॅकिंग बाजारात विकत मिळणार नाही. पण खोके उघडताना पिशवी टरकावली जाते, नारिंगी कव्हर पहिल्या मिनिटाला कचऱ्यात जाते. पिशवी कात्रीने वरच्या कडेला सरळ कापा, कव्हर आणि साचे खोक्यातच ठेवा, आणि रिकामे खोके प्रिंटरशेजारच्या कपाटात. जुनी निघाली की त्यात जाईल.

प्रिंटर बंद करून थोडा निवू द्या, कारण आत पावडर कागदावर वितळवून बसवणारा भाग बराच तापलेला असतो. कार्ट्रिज दोन्ही टोकांना धरून सरळ बाहेर ओढा. ती उभी करून ठेवू नका. दातेरी चाकांच्या टोकावर उभी राहिली की उरलेली पावडर एका बाजूला जमते आणि मॅग रोलरच्या टोकाच्या सीलमधून बाहेर येते. प्रिंटरमध्ये जशी आडवी असते तशीच टेबलावर, तशीच खोक्यात. झडप आपोआप मिटते; ती अर्धवट राहिली असेल तर हलकेच बंद करा, पण जोर लावू नका.

मूळ पिशवी नसेल तर आधी वर्तमानपत्राचा पूर्ण कागद दोनदा गुंडाळायचा, झडप मिटलेली असताना. उघड्या ड्रमवर वर्तमानपत्र कधीच नको, त्याचा खरखरीतपणा पुरे आहे. त्यावर काळी किंवा कसलीही अपारदर्शक प्लास्टिकची पिशवी. चिकटपट्टी लावायची ती पिशवीवर. कार्ट्रिजवर पट्टी लावल्याने झडपेवर, चिपवर, चाकांच्या दात्यांवर डिंक राहतो आणि तो काढायला वापरलेले थिनर प्लास्टिकला आणि ड्रमला दोघांनाही बाधते. रबरबँडही नको, महिनाभर तो ड्रमला किंवा रोलरला टेकून राहिला की त्याचा व्रण कायमचा बसतो.

८८ए सारख्या कार्ट्रिजवर प्रिंटरला तिची ओळख पटवणारी एक छोटी चिप असते. ती उपटून कम्पॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेल्या कार्ट्रिजवर चिकटवणारे महाभाग आहेत. चिप गेली की उरलेल्या कार्ट्रिजची निम्मी पत गेली असे समजा. १२ए ला चिप नसते, म्हणून ती अजून टिकून आहे असेही आमच्यातले काहीजण म्हणतात!

एकदम पाठवायच्या असतील तर पाच थरांच्या पुठ्ठ्याचे मजबूत खोके घ्या. प्रत्येक कार्ट्रिज स्वतंत्र गुंडाळलेली, सगळ्या आडव्या, तीनपेक्षा जास्त थर नकोत, दोन थरांमध्ये सपाट पुठ्ठा. पोकळ जागेत चुरगळलेला कागद भरा. थर्मोकोलचे दाणे भरू नका. ते स्थिर विजेने टोनरला आणि टोनर त्यांना असे काही चिकटतात की साफ करणाऱ्याचा दिवस जातो. भरलेले खोके १५ किलोच्या आत असावे. त्याहून जड झाले की उचलणारा ते उचलत नाही, ढकलतो किंवा टाकतो. बंद करून एकदा हलवून पाहा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर उघडून आणखी कागद भरा. टेम्पोत ही खोकी सगळ्यांत वर हवीत. मॉनिटर, यूपीएस, बॅटऱ्या खाली.

लेझर आणि इंकजेट एका खोक्यात अजिबात नकोत. लेझरच्या वजनाखाली इंकजेट चेपतात, गळालेल्या शाईने पावडरचा चिखल होतो, आणि उडालेली पावडर शाईच्या छिद्रांत जाऊन बसते. एकाच खोक्यात दोन्ही पाठवणारा दोन्ही गमावतो.

इंकजेटची तऱ्हा वेगळीच आहे. एचपीच्या ८०३ आणि ६८०, कॅननची पीजी-७४५ अशा छोट्या कार्ट्रिजवर शाई फवारणारे हेड कार्ट्रिजलाच जोडलेले असते. खालच्या बाजूला दिसणाऱ्या चकचकीत पट्टीत केसाहूनही बारीक छिद्रे असतात आणि प्रत्येक छिद्रामागे एक अतिसूक्ष्म हीटर. तो क्षणभर तापतो, शाईचा बुडबुडा फुगतो आणि थेंब कागदावर फेकला जातो. त्या हीटरला थंड ठेवणारीही शाईच. ती संपल्यावर रेटून छापले तर हीटर जळतात, आणि मग कितीही शाई भरली तरी पानावर पांढऱ्या रेघा येतात. म्हणून रंग उडू लागला की थांबावे.

काढल्यानंतर तिचा शत्रू म्हणजे हवा. उघडी राहिलेली कार्ट्रिज छिद्रांच्या तोंडाशी वाळते आणि उन्हाळ्यात तर फार लवकर. नव्या कार्ट्रिजबरोबर प्लास्टिकची क्लिप आली असेल तर ती जपून ठेवून जुनीला लावा. नसेल तर एका लहान झिपच्या पिशवीत एकच कार्ट्रिज घाला आणि हवा काढून बंद करा. पिशवीत ओलसर, पण पाणी निथळणार नाही असा टिश्यूचा तुकडा ठेवला तर चांगलेच, फक्त तो छिद्रांच्या पट्टीला चिकटता कामा नये. चिकटला की शाई शोषून घेतो. साधी चिकटपट्टी छिद्रांवर लावण्याचा मोह आवरा. तिचा डिंक छिद्रांत जातो, आणि तिरंगी कार्ट्रिजवर तर ती निळा, गुलाबी, पिवळा या तिन्ही शायांना एकमेकींत ओढून घेते. तांब्याच्या संपर्कपट्टीला बोट लावू नये, ती पुसायच्या भानगडीतही पडू नये. अशा बंद केलेल्या इंकजेट कार्ट्रिज दोन-तीन आठवड्यांत पुढे गेल्या पाहिजेत. वर्षभराच्या साठ्यातून आलेल्यांपैकी फारच थोड्या पुन्हा चालू होतात. ज्या प्रिंटरमध्ये हेड प्रिंटरलाच असते, त्यांच्या कार्ट्रिज म्हणजे नुसती शाईची डबी; त्यांत जपायचे ते शाई बाहेर पडणारे तोंड आणि चिप. इंक-टँक प्रिंटरच्या बाटल्या टोपण घट्ट लावून प्लास्टिकच्या कचऱ्यात वेगळ्या द्याव्यात, त्या कार्ट्रिजच्या खोक्यात घालू नयेत.

हवामान विसरून चालत नाही. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, फरशीवर ठेवलेले पुठ्ठ्याचे खोके आठ-पंधरा दिवसांत मऊ पडते आणि वरच्या वजनाने बसते. ओलाव्याने पावडरच्या गुठळ्या होतात, तिच्यावर विद्युतभार नीट चढत नाही, धातूच्या संपर्कपट्ट्या गंजतात. खोकी लाकडी फळीवर, भिंतीपासून थोडी दूर ठेवा आणि आत सिलिका जेलच्या एक-दोन पुड्या टाका. नव्या बुटांच्या खोक्यात येतात त्याच चालतील. उन्हाळ्याचा त्रास विदर्भ-मराठवाड्यात जास्त. टोनर म्हणजे मुळात बारीक दळलेले प्लास्टिक, कागदावर वितळून बसावे म्हणून बनवलेले. साधारण ५५-६० अंशांना ते नरम पडू लागते, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद टेम्पोत तेवढी उष्णता सहज होते. दुपारी भरून संध्याकाळी निघणाऱ्या गाडीपेक्षा पहाटे भरलेली गाडी बरी.

कितीही काळजी घेतली तरी पावडर कधीतरी सांडतेच. तिचे कण हजारांश मिलिमीटरच्या मापाचे असतात; पाच ते दहा मायक्रॉन. फुंकर मारू नका, पंखा बंद करा, मास्क लावा. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका. एवढे बारीक कण त्याच्या फिल्टरमधून पार होऊन खोलीभर उडतात, शिवाय हवेत तरंगणारी अशी कोरडी भुकटी मोटरच्या ठिणगीने पेट घेऊ शकते. थंड पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने टिपून घ्या. हात आणि कपडेही आधी झटकून, मग थंड पाण्यानेच धुवा. गरम पाण्याने पावडर नरम होऊन कापडात कायमची बसते. शाळांच्या मोहिमेत मुलांच्या हातात सुटी टोनर कार्ट्रिज देऊ नये, हे या निमित्ताने मुख्याध्यापकांच्या कानावर घालतो. घंटागाडीत तर ती कधीच टाकू नये. गाडीत कचरा दाबला जातो तेव्हा ती फुटते आणि पावडर गाडीवरच्या कामगाराच्या नाकातोंडात जाते.

एवढे सगळे कळूनही कार्यालयांत कार्ट्रिज गोणीतच का जातात? कारण हिशेब. सरकारी आणि निमसरकारी कार्यालयांत कार्ट्रिज ही उपभोग्य वस्तू, त्यामुळे जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, ती चढत नाही. नवी दिल्याची नोंद होते, जुनीचे काय झाले हे कुणी विचारत नाही. ती आधी कपाटावर जाते, मग भांडारात, आणि पुढे कधीतरी मोडक्या खुर्च्या-पंख्यांच्या निर्लेखनाबरोबर (म्हणजे त्या नोंदीतून कमी करताना) लिलावात किलोच्या भावाने निघते. किलोवर विकायची तर तुटकी काय आणि धड काय, वजन तेच. मग शिपायाने ती जपून ठेवावी तरी कशासाठी? पतसंस्था आणि खासगी कंपन्यांतही चित्र फार निराळे नाही.

यावर आमची सूचना साधी आहे. भांडारातून नवी कार्ट्रिज देताना जुनी, गुंडाळलेल्या अवस्थेत, परत घ्यावी आणि त्याच पानावर मॉडेल लिहावे. विक्री नगावर व्हावी, तीन गटांत. मूळ कंपनीची आणि एकदाच वापरलेली, जिला बाजारात व्हर्जिन म्हणतात, तिला सर्वांत चांगला दर. आधी रिफिल झालेली किंवा कम्पॅटिबल, तिला कमी. तुटलेली किंवा गळणारी, तिला काहीच नाही, उलट ती विनामूल्य घेऊन जाण्याची अट. निविदेत हे तीन दर वेगळे मागवले की जपणुकीला किंमत येते, आणि मग पॅकिंग शिकवायला आमच्यासारख्यांची पत्रे लागणार नाहीत. तीन महिन्यांतून एकदा उचल व्हावी; वार्षिक निर्लेखनाची वाट पाहिली तर इंकजेट वाळून गेलेल्या असतात.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांच्या पहिल्या अनुसूचीत प्रिंटर 'कार्ट्रिजसह' धरलेले आहेत. म्हणजे कार्ट्रिज हा ई-कचराच आहे, साधे प्लास्टिक भंगार नाही. वर्षात एक हजार किंवा त्याहून जास्त विद्युत-इलेक्ट्रॉनिक उपकरणे वापरणारी संस्था या नियमांत मोठा ग्राहक ठरते आणि तिने आपला ई-कचरा केवळ नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारे किंवा पुनर्प्रक्रिया करणारे यांनाच द्यायचा असतो. ही नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर होते. माल न्यायला येणाऱ्याला नोंदणी आहे का ते विचारा. आमच्यापैकी कुणी आले तरी विचारा, राग मानणार नाही.

मूळ कंपन्याही जुन्या कार्ट्रिज परत घेतात. कॅननने टोनर कार्ट्रिज परत घेण्याची योजना १९९० मध्ये सुरू केली, एचपीने १९९१ मध्ये. एचपी परत आलेल्या बहुतेक कार्ट्रिज पुन्हा भरून विकत नाही, त्यांतले प्लास्टिक आणि धातू वेगळे काढून वापरते. रिफिलवाले म्हणून आम्हाला ते फारसे रुचत नाही, पण तो मार्गही रास्त आहे आणि पॅकिंगचे नियम तिथेही बदलत नाहीत. जी शेवटी यंत्रात भरडलीच जाणार, तिचीही पावडर वाटेत सांडायला नको.

एक सावधगिरी मात्र मूळ खोक्याबाबत. धड कार्ट्रिज, स्वच्छ खोके आणि शाबूत सुरक्षा-लेबल असा पूर्ण संच चुकीच्या हाती गेला तर हलकी पावडर भरून तीच 'नवी' म्हणून विकली जाते. म्हणून जुनी आत ठेवली की खोक्याच्या चारही बाजूंवर जाड काळ्या मार्करने 'वापरलेली' असे लिहा आणि सुरक्षा-लेबलवर आडवी-उभी फुली मारा. लेबल सोलून काढण्यापेक्षा हे बरे. सोललेले लेबल दुसरीकडे चिकटवता येते.

शेवटची गोष्ट फार थोडे लोक करतात, पण तिचा उपयोग मोठा आहे. कार्ट्रिज काढण्यापूर्वी निघालेले शेवटचे पान घडी करून पिशवीच्या बाहेर, खोक्यात ठेवा. त्यावर मॉडेल, काढल्याची तारीख आणि माहीत असेल तर किती वेळा रिफिल झाली तो आकडा लिहा. १२ए च्या पानावर दर ७५ मिलिमीटरला तोच डाग दिसला तर दोष ड्रमचा, दर ३८ ला दिसला तर पीसीआरचा. पानाच्या लांबीत वरपासून खालपर्यंत सरळ बारीक रेघ असेल तर आधी वायपर ब्लेड आणि ड्रमवरचा ओरखडा तपासायचा. पान नुसते फिकट असेल आणि बाकी स्वच्छ, तर त्या कार्ट्रिजला पावडरीखेरीज काहीही नको आहे. हे पान नसले की प्रत्येक नग उघडून, भरून, छापून पाहावा लागतो. ज्या आधीच फुटल्या आहेत त्यांना पानाची गरज नाही. त्या जाड पिशवीत दुहेरी बांधून, वर 'गळती' असे लिहून, बाकीच्यांपासून वेगळ्या द्या.

कळावे,

आपले,
टोनर आणि इंकजेट कार्ट्रिज दुरुस्ती-पुनर्भरणाच्या व्यवसायातील काहीजण,
पुणे